ग्रॅमाग्रॅमाचं देणं

माझी मुलगी कुणामुळे वाचली, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. कुणी डॉक्टरांचं नाव घेतं, कुणी कळंबच्या चिंतामणीचं, कुणी तिच्या नशिबाचं. ती वाढली कुणामुळे, हा प्रश्न मात्र कुणाच्या मनात येत नाही. मूल एकदा वाचलं की ते आपोआप वाढतं, असंच सगळे धरून चालतात. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या आईला विचारा. वाचण्याची झुंज काही दिवसांत एकीकडे लागते. वाढवण्याचं काम महिनोन्‌महिने चालतं, रात्रंदिवस, दर दोन-तीन तासांनी. त्या कामात माझ्या लेकीला ज्या बायकांचे हात लागले, त्यांचं देणं माझ्यावर आहे. त्यांतल्या काही जणी मला अजून भेटतात, एक पुन्हा कधी भेटली नाही, आणि काहींना मी आयुष्यात पाहिलेलंही नाही.

२०१६ चा डिसेंबर होता. मी घाटंजी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. सातवा महिना सरत आला होता, माहेरी जायचा दिवस ठरत होता, आणि एका पहाटे कळा सुरू झाल्या. १०८ च्या गाडीनं यवतमाळला, श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पोचलो. एकतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली. वजन १२८० ग्रॅम. पहिले दिवस तिच्या श्वासाच्या काळजीत गेले आणि ते नवजात कक्षातल्या डॉक्टरांनी निभावून नेले. त्यांच्याविषयीची कृतज्ञता माझ्या मनात कायमची आहे. श्वास मार्गी लागल्यावर त्यांच्यातल्या एका डॉक्टर मॅडम म्हणाल्या, “आता हिला वाढवायचं. ते काम आमच्यापेक्षा तुमचं जास्त आहे.”

त्या वाक्याचा अर्थ मला हळूहळू कळत गेला. आईच्या पोटातले शेवटचे दोन-अडीच महिने ही बाळाची सुगी असते. अंगाखालची चरबी, लोह, हाडांसाठी लागणारं कॅल्शियम आणि फॉस्फरस यांची साठवण बहुतेक याच काळात होते. जे बाळ त्याआधीच बाहेर येतं, ते रिकाम्या कणगीनं येतं. पोटात असतं तर किलोमागे रोज पंधरा-वीस ग्रॅमनं त्याचं वजन वाढलं असतं. अन्न, ऊब, प्राणवायू सगळं नाळेतून मिळालं असतं. बाहेर आल्यावर श्वास स्वतः घ्यायचा, अंग स्वतः गरम ठेवायचं, दूध स्वतः पचवायचं. त्यातून चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ जमायला साधारण चौतिसावा आठवडा उजाडतो. तोवर छातीला लावून पोट भरत नाही. खर्च वाढलेला आणि मिळकत तुटपुंजी, अशी त्या जिवाची स्थिती असते. म्हणून जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात अशा बाळाचं वजन दहा ते पंधरा टक्क्यांनी उतरतं आणि जन्माच्या वजनावर परत यायलाच दोन आठवडे लागतात. एवढं डॉक्टरांना अपेक्षित असतं. त्यानंतरही वाढ मागंच राहिली तर मात्र घोर लागतो. कारण याच महिन्यांत मेंदू झपाट्यानं वाढत असतो आणि जंतुसंसर्गाशी झुंजायची ताकदही याच वाढीतून येते.

माझ्या मुलीचं वजन रोज सकाळी काट्यावर होई आणि रोज थोडं उतरे. अकराशेच्या घरात आलं तेव्हा मी काट्याकडे पाहायचं सोडून दिलं होतं.

पहिलं देणं आहे ते रात्रपाळीच्या एका सिस्टरचं. मला दूध येत नव्हतं. बाळ छातीशी नाही, मन धास्तावलेलं, दूध उतरणार कुठून? बाकीचे म्हणत होते, वरचं दूध सुरू करा. ही सिस्टर माझ्या खाटेवर येऊन बसली. माझा हात हातात घेऊन तिनं दाखवलं, अंगठा कुठं ठेवायचा, बोटं कुठं, आधी छातीकडे कसं दाबायचं आणि मग पुढं कसं आणायचं, ओढायचं कसं नाही. पहिल्या वेळी वाटीच्या तळाला चार-पाच थेंब जमले. पिवळा, दाट चीक. मला वाटलं, याचं काय होणार! तिनं ते थेंब सिरिंजमध्ये ओढून घेतले आणि म्हणाली, “मॅडम, याच्यापेक्षा भारी औषध आमच्या कपाटात नाही.” नाकातून घातलेल्या नळीवाटे ते थेंब माझ्या मुलीच्या पोटात गेले.

मग तिनं मला वेळापत्रक लावून दिलं. दर दोन-तीन तासांनी दूध काढायचं, रात्रीसुद्धा. रात्री तर चुकवायचंच नाही, कारण दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. ती कक्षातल्या साऱ्या बाळांचं करून, नोंदी लिहून, बरोबर त्या वेळेला माझ्या खांद्याला हात लावून उठवायची. कधी आवाज चढवला नाही, कधी कंटाळली नाही. थेंबांची वाटी झाली, वाटीच्या पुढं गेलं. नळीतून जाणारं दूध मिलिलिटर-मिलिलिटरनं वाढवत नेलं. डॉक्टरांनी त्यात मिसळायची प्रथिनांची आणि क्षारांची पुडी सुरू केली, कारण इतक्या लहान बाळाला नुसत्या आईच्या दुधातून हाडांपुरतं कॅल्शियम मिळत नाही. पुढं नळी निघाली आणि बोंडल्यानं पाजणं सुरू झालं. माझ्या आजीनं मला जसं बोंडल्यानं औषध पाजलं होतं, तशाच पसरट चोचीच्या भांड्यानं सिस्टर माझ्या मुलीला पाजत होती. एकेक घोट, मध्ये श्वास घ्यायला वेळ, पुन्हा घोट. एका पाळीला अर्धा-पाऊण तास जाई. आणि सकाळी वजन झालं की मी विचारायच्या आत आकडा सांगे: “कालच्याहून बारा ग्रॅम जास्त.” ते बारा ग्रॅम तिच्या जागरणाचे होते, असं मी आजही मानते.

आईच्या दुधाचा हा आग्रह तिच्या एकटीचा नव्हता, त्यामागं आपल्याच राज्यातली मोठी परंपरा आहे, हे मला नंतर वाचनात कळलं. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. ज्यांच्या आईला दूध नाही किंवा ज्यांची आईच नाही, अशा इवल्या बाळांना दुसऱ्या आयांनी दिलेलं, तपासलेलं आणि निर्जंतुक केलेलं दूध तिथून मिळू लागलं. ज्या बाईचं नावही कळणार नाही तिच्या दुधावर वाढलेली कितीतरी मुलं आज मोठी झाली असतील. माझ्या मुलीचं माझ्या दुधावर भागलं, पण ते उतरवायला रात्रभर एक परकी बाई जागली.

दुसरं देणं एका कोलाम बाईचं. झरी जामणीकडच्या एका पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, ती आली होती. तिचं बाळ माझ्या मुलीपेक्षाही हलकं होतं. डॉक्टरांनी आम्हा दोघींनाही सांगितलं होतं, की बाळ उघड्या छातीवर, कातडीला कातडी लागेल असं, उभं धरून ठेवा. डोक्याला टोपी, पायांत मोजे, आणि वरून दुपट्यानं बांधून घ्या. मला भीती वाटत होती. ती एवढीशी मान, ते काडीसारखे हात, माझ्याच हातून काही झालं तर? ती कोलाम बाई मात्र बसली ती बसलीच. जेवायला उठे तेवढीच. माझी घालमेल तिनं दोन दिवस पाहिली आणि मग मोजक्या शब्दांत म्हणाली, “माझं पहिलं लेकरू पोडावरच झालं बाई, थंडीत. अंग थंडं पडलं अन् गेलं. हे नाही पडू देत मी थंडं.” मग स्वतःचं बाळ एका हातानं सांभाळत तिनं दुसऱ्या हातानं माझ्या मुलीची मान एका बाजूला वळवून दिली, पाय बेडकासारखे दुमडून दिले, आणि दुपट्याची गाठ नेमकी कुठं यायला हवी ते दाखवलं.

तिनं जे दुःखातून ओळखलं होतं, तेच शास्त्रानंही सांगितलं आहे. कोलंबियाच्या बोगोटा शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. एडगर रे सानाब्रिया आणि डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी ही पद्धत सुरू केली. रुग्णालय गच्च भरलेलं, काचेच्या पेट्या अपुऱ्या, एकेका पेटीत दोन-दोन बाळं. तेव्हा त्यांनी आईच्या अंगाचीच ऊब वापरली. बाळाचं अंग गार पडलं की खाल्लेलं सगळं ते गरम राहण्यातच खर्च होतं, वाढीला काही उरत नाही. छातीवर ठेवलं की तेवढे उष्मांक वाचतात, झोप शांत लागते, आईलाही दूध जास्त उतरतं. पुढं २०२१ साली भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतल्या रुग्णालयांत झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय होतं. एक किलो ते १.७९९ किलो वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीवर ठेवायला सुरुवात केली, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू चौथ्या हिश्श्यानं कमी होतात, असं त्यातून दिसलं. मी तो आकडा वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं ती पोडावरची बाई आली. तिच्या बाळाला आमच्या आधी सुट्टी मिळाली. गाडीची घाई होती, नीट बोलणंही झालं नाही. जिनं मला माझं लेकरू छातीशी कसं धरायचं ते शिकवलं, तिच्यापर्यंत माझा शब्द पोचवायला माझ्याकडे काहीच नाही.

आम्ही घरी आलो तेव्हा मुलगी सोळाशे ग्रॅमच्या थोडी पुढं गेली होती. पोषाची थंडी होती. इथून पुढचं देणं माझ्या सासूबाईंचं आहे. त्यांचं सारं आयुष्य कापसाच्या वावरात गेलेलं. उन्हातान्हात वेचणी, डोक्यावर ओझं, बोटांना बोंडांच्या टोकांनी पडलेल्या चिरा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की छातीवर बाळ धरायला आईच हवी असं नाही, घरातलं कुणीही चालतं, फक्त अंग स्वच्छ आणि निरोगी हवं. मी हे घरी सांगितलं तेव्हा सासूबाई काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी अंघोळ करून, नखं काढून, धुतलेलं लुगडं नेसून माझ्यापुढं येऊन बसल्या. “दे इकडं तिले. तू जेव अन् झोप घडीभर.” आणि साठीच्या त्या बाईनं चोळीच्या गाठी सोडून माझी मुलगी छातीशी घेतली, वरून पदर गुंडाळला.

त्या हिवाळ्यात रोज माझ्या झोपेच्या वेळा त्यांनी अशाच सांभाळल्या. मला ताटावर बसवून ज्वारीची भाकर, शेपूची भाजी, घट्ट वरण वाढायच्या. मेथीचा, डिंकाचा लाडू हातावर ठेवायच्या. “तुह्या पोटात गेलं तं तिच्या पोटात जाईन,” एवढंच म्हणायच्या. आमच्या भागात बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची रीत आहे. धुरानं बाळाला त्रास होतो असं कळल्यावर ती रीत त्यांनी स्वतः होऊन बंद केली, खोलीच्या खिडकीला गोधडी बांधली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ओसरीतूनच परत पाठवलं. नातीला पाहायला आलेल्या भावकीतल्या माणसांना दारातून वळवणं सोपं नसतं. त्यांनी तो वाईटपणा माझ्याऐवजी आपल्याकडे घेतला.

आता आमच्या आशाताईविषयी, म्हणजे गावच्या ‘आशा’ आरोग्य स्वयंसेविकेविषयी, सांगायचं आहे. तिच्याविषयी लिहायचं म्हणूनच मी हा लेख लिहायला घेतला. आमच्याच गावची सून, स्वतःची दोन मुलं, घरी थोडी कोरडवाहू शेती. आम्ही घरी आलो आणि ती दारात उभी. खांद्याच्या पिशवीत थर्मामीटर, घड्याळ, झोळीचा काटा. आधी साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, मग बाळाला हात लावला. बगलेत थर्मामीटर ठेवलं. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर दवाखाना, हे तिनंच मला शिकवलं. मग झोळीत घालून वजन. नवजात बाळाच्या घरी जन्मापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरलेल्या दिवशी आशानं जायचं, असा नियम आहे. पण आमच्या घरी ती नियमाच्या दिवसांखेरीजही यायची. वेचणीवरून परतताना, कुणाच्या लसीकरणाचा निरोप द्यायला निघाली की, वाट वाकडी करून.

मध्ये एक आठवडा असा आला, की वजन हललंच नाही. मी घाबरून गेले. शेजारच्या एका आजीनं सांगितलं, मधाचं बोट चाटवा, घुटी सुरू करा, लेकरू बाळसं धरेल. आशाताईनं त्या आजीला जवळ बसवून घेतलं. तिचा मान राखूनच सांगितलं, की इतक्या लहान आतड्याला मध सोसत नाही, आणि घुटीसोबत पाण्यातले जंतू पोटात जातात. आजीला पटलं. मग आशाताई माझ्याकडे वळली. “मॅडम, आता तुम्ही पाजा. मी बसते.” आणि ती सबंध पाजणं संपेपर्यंत एका जागी बसून पाहत राहिली. घाई नाही, बोलणं नाही. शेवटी तिनं कारण सांगितलं. मुलगी चोखता चोखता दमून झोपत होती. पहिलं दूध पातळ असतं. साय धरणारं घट्ट दूध मागून येतं. आणि ते यायच्या आतच तिचे डोळे मिटत होते. पोट भरल्यासारखं दिसे, पण वाढीचं दूध छातीतच राही. “एक बाजू पुरी झाल्याशिवाय दुसरीकडं घेऊ नका. झोपली तर तळपायाला टिचकी मारा. अन् उरलेलं मागचं दूध काढून बोंडल्यानं द्या.” दुसरं, रोजची अंघोळ थांबवा, वजन भरेपर्यंत कोमट फडक्यानं पुसून घ्या, अंघोळीत तिची ऊब जाते. तिसरं, तळहात पांढुरके वाटतात, पुढच्या तपासणीत रक्त बघायला सांगा. तपासणीत डॉक्टरांनी लोहाचे थेंब सुरू केले. पुढच्या आठवड्यात आशाताईनं झोळी टांगली, काट्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि मोठ्यानं हसली. त्या हसण्यातच आकडा कळला.

एका खेड्यातल्या शेतकरी घरातल्या बाईला हे ज्ञान कुठून आलं, याचा माग मी घेतला, तो गडचिरोलीला जाऊन पोचला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९० च्या दशकात तिथल्या ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं: श्वास मोजणं, वजन करणं, ऊब देणं, स्तनपानाला मदत करणं, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणं. त्या गावांतला नवजात मृत्यूचा दर हजारी ६२ वरून २५.५ वर आला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. २०११ साली घरोघरी नवजात बालसेवेचं काम देशभरातल्या आशांकडे आलं, त्याची मुळं तिथं आहेत. म्हणजे माझ्या ओसरीत बसलेल्या बाईच्या मागं गडचिरोलीच्या खेड्यांतल्या बायका उभ्या होत्या. त्यांनी आपली घरं, आपली बाळं, आपलं दुःख अभ्यासासाठी उघडं केलं, म्हणून माझ्या मुलीचं अडलेलं वजन वेळेत ओळखता आलं. त्यांचंही देणं माझ्यावर आहे.

असंच आणखी एक देणं नागपूरचं. यवतमाळच्या तपासणीत डॉक्टर मॅडम मुलीचं वजन, लांबी आणि डोक्याचा घेर एका तक्त्यावर मांडायच्या. शेजारणीच्या गुटगुटीत मुलाशी तुलना करून मी खंतावत असे, तेव्हा त्यांनी समजावलं, की हिचं वय जन्मतारखेपासून धरायचं नाही; जितके आठवडे लवकर आली तितके वजा करायचे. अशा बाळांसाठी तक्ताही वेगळा असतो. तो ‘इंटरग्रोथ-२१’ या अभ्यासातून आला. जगातल्या आठ ठिकाणी, २००९ पासून पुढची काही वर्षं, निरोगी गर्भवतींची पोटातल्या बाळासह पुन्हा पुन्हा मोजमापं घेतली गेली. ऑक्सफर्ड, सिएटल, नैरोबी यांच्या बरोबरीनं त्या आठांत आपलं नागपूर होतं. त्या बायकांपैकी ज्यांची बाळं वेळेआधी जन्मली, अशा २०१ बाळांच्या वाढीवरून २०१५ साली वेळेआधीच्या बाळांसाठी ही मापं ठरली. नागपूरच्या त्या आयांना स्वतःला काही आजार नव्हता; तरी त्या पुन्हा पुन्हा तपासणीला गेल्या. त्यांच्या त्या खेपांमुळे माझ्या मुलीच्या वाढीला योग्य पट्टी मिळाली आणि माझ्या मनाला आधार.

त्याच तक्त्यावर बोट ठेवून मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली. वजन वाढायला हवं, पण नुसती चरबी चढायला नको. लांबी आणि डोकंही बरोबरीनं वाढायला हवं. पुण्याजवळच्या खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून केलेल्या अभ्यासात दिसलं होतं, की आपल्याकडची कमी वजनाची बाळं दिसायला बारीक असली तरी अंगात चरबीचं प्रमाण जास्त घेऊन जन्मतात, आणि पुढं मधुमेहाचा धोका त्यांना अधिक असतो. म्हणून डबा-बाटलीनं फुगवण्याची घाई करायची नाही. मला त्या बोलण्यानं धीर दिला. वाढीचा अर्थ इतका बारकाईनं पाहणारं कुणीतरी माझ्या मुलीच्या बाजूनं होतं.

ती आता शाळेत जाते. उंचीनं वर्गात मध्यावर आहे, धावण्यात पुढं. मी पूर्वीसारखीच शिकवते, आणि दर वर्षी पहिलीत येणाऱ्या मुलांकडे मी आता निराळ्या नजरेनं पाहते. वयाच्या मानानं ठेंगणी, चटकन दमणारी, सारखी आजारी पडणारी मुलं दिसली की त्यांच्या आयांना जन्मावेळचं वजन विचारते. दोन किलो, अठराशे, “पावणेदोन होतं म्हणत होते.” कार्तिक-मार्गशीर्षात भर वेचणी असते, आणि सातवा-आठवा महिना लागलेल्या बायाही रोजंदारी बुडते म्हणून वावरात दिवसभर वाकून असतात. लवकरची लग्नं, अंगात रक्त कमी, दोन बाळंतपणांत अंतर नाही, काहींना सिकलसेल. यातून लहान बाळं जन्मतात. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं वेळेआधी जन्मली, त्यांतली ३० लाखांहून अधिक आपल्या देशात. त्यांतली वाचलेली सगळी वाढली का, हे त्यांच्या घरी काटा घेऊन कोण गेलं यावर फार अवलंबून आहे.

म्हणून हे देणं नुसतं मनात ठेवून भागणार नाही असं मला वाटतं. नवजात बाळाच्या घरच्या साऱ्या भेटी पुऱ्या केल्या की आशाला अडीचशे रुपये, असा मोबदला घरोघरी बालसेवेच्या योजनेत ठरला. बेचाळीस दिवसांच्या त्या कामात श्वास मोजणं आलं, वजन आलं, आईला धीर देणं आलं, घरच्या आज्यांची समजूत घालणं आलं, कित्येकदा रात्रीची गाडी बोलावणं आलं. तिला सरकार स्वयंसेविका म्हणतं, कर्मचारी म्हणत नाही. २०२४ च्या सुरुवातीला राज्यभरच्या आशाताई मुंबईच्या आझाद मैदानावर जाऊन बसल्या. आमची आशाताई तेव्हा मला म्हणाली, “मॅडम, आम्ही कामाले नाही म्हणत नाही. कामाचे पैसे वेळेवर मागतो.” तिच्या त्या वाक्यात न पटण्यासारखं काय आहे, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.

तुमच्या घरी लवकर आलेलं, हलकं बाळ असेल तर एवढं करा: आईला झोपू द्या आणि जेवू घाला, बाळ छातीशी धरायला घरातल्या सगळ्यांनी शिका, वजनाचा आकडा दर आठवड्याला लिहून ठेवा, आणि आशा दारात आली तर तिला ओसरीतून परत पाठवू नका. आणि गावाच्या ग्रामसभेत, शाळेच्या बैठकीत, मत मागायला येणाऱ्या माणसापुढं, तिच्या मानधनाचा प्रश्न तुम्ही काढा. ती स्वतः काढते तेव्हा तो तिचा एकटीचा वाटतो. बाळ वाचवणाऱ्यांची नावं रुग्णालयांच्या पाट्यांवर असतात आणि असायलाच हवीत. वाढवणाऱ्यांची नावं निदान पगारपत्रकावर तरी असावीत, एवढं मागणं मी माझ्या मुलीच्या वतीनं मागते.